हवालदारांचं खेचर

आमच्या शाळेच्या मैदानावर एका सोमवारी सकाळी शंभर-दीडशे पोरं एका सुरात "उनो, दोस, त्रेस, क्वात्रो" असं ओरडायला लागली, तेव्हा माझ्या हातातला खडू खाली पडला. मी वर्गात संस्कृत शिकवत होतो. खिडकीतून पाहिलं तर आमचे नवे कवायत मास्तर दौलत हवालदार उजवा हात वर करून उभे होते. त्या हाताला तीनच बोटं. ती वर गेली की पोरं ताठ, खाली आली की पोरं बसलेली. हेडमास्तर एकाच पायात चप्पल घालून कचेरीतून धावत आले.

"हवालदार, ही काय भाषा आहे?"

"स्पेनची हाय, साहेब."

"तासगावच्या पोरांना स्पेनची भाषा कशाला?"

"मराठीत मोजलं की पोरं पाढं म्हनाय लागत्यात. विंग्रजीत मोजलं की साहेब आल्यागत दबत्यात. ह्या बोलीची कुनाला भीती न्हाई आन् कुनाला लाजबी न्हाई."

हेडमास्तर दुसरी चप्पल शोधायला परत गेले. पंधरा दिवसांत गावातली पोरं गोट्या, चिंचोके आणि एकमेकांना घातलेले गुद्देसुद्धा उनो-दोस करून मोजू लागली. लढाई संपून वर्ष उलटलं होतं. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत गेलेला. परत येताना कुणी मनगटी घड्याळ आणलं, कुणी मलेरिया आणला. हवालदारांनी भाषा आणली.

ती त्यांना मिळाली मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, लष्करी दवाखान्यात. हाताला गोळा लागून ते तिथे तीन महिने पडून होते आणि शेजारच्या खाटेवर मिगेल नावाचा स्पेनचा एक गडी होता. आपल्या देशातल्या भांडणात हरलेला आणि मग परक्यांच्या पलटणीतून लढत मिसरपर्यंत आलेला. लढाईआधी तो गावोगाव फिरून खेळ करायचा. हवालदारांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला यांची येत नव्हती, आणि दोघांनाही झोप येत नव्हती. तीन महिन्यांत मिगेलने त्यांना आपला एक अख्खा खेळ शिकवला. अट एकच, पुढेमागे तो गावात करून दाखवायचा.

दिसायला माणूस अगदी साधा. उंची बेताची, मान मात्र खुंटीला टांगल्यासारखी सरळ. दाढी रोज करायचे, मैदानाच्या कडेला बाभळीखाली बसून, आरशाशिवाय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "रोज त्येच त्वांड काय बघायचं, मास्तर?" चहाची बशी त्या तीन बोटांवर अशी तोलायचे की थेंब सांडत नसे. कुणाच्याही घरी गेले तरी दाराकडे पाठ करून बसायचे नाहीत. 'बसा' म्हणायच्या आत खुर्ची फिरवलेली असायची. शाळेच्या घंटेला ते 'बाई' म्हणत. "बाई बोलली, चला," म्हणून उठत. माझ्या बायकोने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रागाने आत निघून गेली होती.

मी सांगलीचा. नाटकातलं आम्हालाच कळतं अशी आमच्या गावची पक्की समजूत, आणि मी तिला अपवाद नव्हतो. लहानपणी मी प्रॉम्प्टरच्या मांडीला मांडी लावून विंगेत बसलो होतो, हे मी तासगावात भेटेल त्याला सांगत असे. तेव्हा एका कवायत मास्तराने मला अभिनय दाखवावा, हे मला पटणारं नव्हतं. पण एका बाजाराच्या दिवशी ते घडलं. कुंभाराचं गाढव शाळेच्या फाटकात आडवं उभं राहिलं. पोरं आत अडकली, परीक्षक बाहेर अडकले. शिपायाने काठी घातली, कुंभाराने शिव्या घातल्या, गाढव ढिम्म. हवालदार पुढे आले, कुंभाराला बाजूला केलं आणि गाढवाच्या कानात त्या भाषेत बोलायला लागले. आधी अर्ज, मग लाडीगोडी, मग कसलासा गुपित निरोप. शेवटी त्यांनी छातीवर हात ठेवून गाढवाची माफी मागितली. गाढव चालू पडलं. मी फाटकाशी हसून हसून खाली बसलो आणि मनात म्हणालो, अरे, हा तर नट आहे!

त्या दिवसापासून आमची मैत्री जमली, आणि तिच्यातूनच पत्रांचं काम माझ्याकडे आलं.

आटपाडीच्या वाटेवर हवालदारांचं गाव. त्याच गावातला शिदू हा त्यांचा जिवाचा दोस्त. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच बोटीतून गेले. लढाईनंतर शिदू तिकडेच राहिला, स्पेनच्या एका बाईशी लग्न करून तिच्या मुलखात गेला, असं हवालदारांनी मला सांगितलं होतं. गावात त्याची आई होती, हौसाक्का. नवरा केव्हाच गेलेला, शिदू हे एकच पोर. शिदूला आता मराठी लिहायचा कंटाळा येतो, तो तिकडच्या भाषेत पत्र पाठवतो, असं म्हणत हवालदार दर दोन-तीन महिन्यांनी एक कागद घेऊन माझ्याकडे येत. ते कागद डोळ्यांसमोर धरून मराठीत सांगत, मी उतरून घेई. त्यांच्या तीन बोटांत टाक धड राहत नसे. मग माझ्या अक्षरातलं पत्र ते गावी नेत आणि तिथले गुरुजी ते आक्काला वाचून दाखवत.

हवालदारांचं सांगणं फार कोरडं असे. 'मी खुशाल हाय. तू खुशाल असावी.' मला राहवत नसे. मी माझ्या पदरच्या चार ओळी घालीत असे. 'इथे थंडी पडली की तुझ्या हातच्या हुलग्याच्या माडग्याची आठवण येते', हे वाक्य माझं. शिदूला मुलगी झाल्याचं पत्र आलं, तेव्हा हवालदार म्हणाले, "नाव मारिया ठिवलंय." मी पुढे लिहिलं, 'पण घरात सगळे तिला मैना म्हणतात.' हवालदारांना वाचून दाखवलं तर त्यांनी हातातला कागद हळूच खाली ठेवला. मला वाटलं, माझी लेखणी त्यांच्या काळजाला भिडली. मी स्वतःवर खूश झालो.

शाळेचं गॅदरिंग जवळ आलं. हेडमास्तरांना काहीतरी नवीन हवं होतं. मी लगेच सुचवलं, आपल्याकडे स्पेनच्या भाषेतला अख्खा खेळ आहे, तोही जिवंत माणसाने समोर उभं राहून केलेला. सांगलीतसुद्धा असं काही झालेलं नाही! सांगलीत झालेलं नाही म्हटल्यावर हेडमास्तर तत्काळ तयार झाले. हवालदार मात्र आढेवेढे घ्यायला लागले. चार दिवस त्यांच्या मागे लागून मी त्यांना राजी केलं आणि एका रविवारी दुपारी आमच्या माडीवर तालीम ठेवली.

खेळ एकाच माणसाचा. डोंगरातल्या वाटेवर एका खेचरवाल्याचं खेचर बसलंय आणि उठत नाही, एवढीच गोष्ट. खेचर म्हणजे भुसा भरलेलं एक पोतं. खेचरवाला आधी सरदारासारखा हुकूम सोडतो, "लेवांताते!" म्हणजे ऊठ. मग मस्का लावतो, गाणं म्हणतो, पुढच्या गावात तुझ्यासाठी एक घोडी बघून ठेवलीय म्हणून सांगतो, रुसतो, एकटाच भाकरी खाऊन दाखवतो. शेवटी खेचराच्या डोळ्यावर बसलेली माशी त्याला दिसते. ती उडत नाही आणि डोळाही मिटत नाही. तेव्हा त्याला कळतं की खेचर मेलंय. मग तो अंगातला कोट त्याच्यावर घालतो, ओझं आपल्या पाठीवर घेतो आणि वळणावर जाऊन स्वतःच खेचरासारखा ओरडतो. तिथे हसून हसून लोकांच्या पोटात दुखायचं, असं मिगेल सांगायचा म्हणे. मलाही तेच झालं. भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं आणि काही म्हणजे काही अडत नव्हतं.

"वा! हवालदार, वा!" मी डोळे पुसत म्हणालो. "आता मला संहिता द्या. मी विंगेत बसून प्रॉम्प्ट करतो. मिगेलने लिहून दिली असेल ना?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला आणि माझ्या हातात दिला. चार घड्या पडलेला, कडा झिजलेल्या. त्याच्या एका कोपऱ्यावर चहाचा तपकिरी गोल डाग होता.

तो डाग मी ओळखला. मैनेच्या जन्माचं पत्र लिहिताना माझीच बशी त्या कागदावर टेकली होती आणि मी घाईघाईने धोतराच्या सोग्याने ती जागा टिपली होती. शिदूचं पत्र म्हणून हवालदार जे डोळ्यांसमोर धरत, तो हा कागद. दर वेळी हाच.

"हे तर शिदूचं पत्र," मी म्हणालो.

"व्हय, मास्तर."

"हा तर खेळ आहे. खेचराचा."

"व्हय."

खरं सांगायचं तर विचारायची गरजच उरली नव्हती, तरी मी विचारलं, "शिदू कुठे आहे?"

"न्हाई," हवालदार म्हणाले. "मिसरातच गेला. माझ्या शेजारी."

मी आयुष्यात कुणावर इतका संतापलो नसेन. मी त्यांना खोटारडा म्हणालो, निर्दय म्हणालो. माझ्या हातून एका आईला मेलेल्या मुलाची पत्रं लिहवून घेतलीत म्हणून मी ओरडलो. माझी बायको जिन्यातून वर डोकावली आणि माझा चेहरा बघून परत गेली. हवालदार पोत्याशेजारी मांडी घालून बसून होते. माझं ओरडणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"घरला आलो त्या दिशी आक्का वेशीत हुबी हुती," ते मग सांगायला लागले. "माझ्या तोंडातनं शब्द निघायच्या आदीच तिनं इचारलं, शिदू मागनं येतोय न्हवं? मी म्हनलो, व्हय. मागनं येतोय. एवढंच बोललो, मास्तर. उद्या सांगू म्हनलं. उद्याचं परवा झालं. सरकारी कागद आला, तो तिनं माझ्याच हातात दिला वाचाय. त्यात लिवलंवतं, लढाईत कामी आला. मी वाचलं, तिकडंच ऱ्हायलाय म्हनून. मग तिनं इचारलं, एकटाच ऱ्हातोय व्हय रं? तवा बायको आली. मग लेक झाली."

"म्हणजे सगळं तिने विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात?"

"न्हाई म्हनाय जमलं न्हाई." त्यांनी पोत्यावरची धूळ झटकली. "पर आता ऱ्हावत न्हाई, मास्तर. चार वर्सं त्येच्या नावानं पानी न्हाई, पिंड न्हाई. पितरपाटात मी घास ठिवतो शाळंच्या भिंतीवर. कावळा बघतो आन् जातो. मी त्येचा कोन? आई जित्ती आस्ताना माझ्या हातचा घास त्येला कसा पोचायचा?"

मी म्हणालो, उद्याच जा आणि सांगून टाका. ते म्हणाले, चार वेळा गेलो होतो सांगायला. तोंडानं होत नाही. तिच्या समोर बसलं की ती माडगं वाढते आणि मैना चालायला लागली का म्हणून विचारते.

मग त्यांनी पोत्याचं तोंड आवळून बांधलं. उठताना एवढंच म्हणाले, "तिला खेळाला बोलवू या."

मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. पण दुसरं काही सुचवायला माझ्याकडेही नव्हतं. आणि त्या पत्रांतलं निम्मं पाप माझ्या अक्षरातलं होतं, तेव्हा 'तुमचं तुम्ही बघा' म्हणायला मला तोंड नव्हतं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघे सर्व्हिस मोटारीने निघालो. निघताना हवालदारांनी माझ्या बायकोकडून कुंकवात भिजवलेले मूठभर तांदूळ आणि एक सुपारी मागून घेतली. मी विचारलं.

"अक्षत? लग्नाकार्याची अक्षत, आणि ही असली बातमी सांगायला?"

"अक्षत दिल्याबिगर आक्का कुनाच्या घरला जात न्हाई. आन् रिकाम्या हातानं ग्येलो तर ती वेशीतनंच वळखंल."

मोटारीत ते अक्षत मुठीत धरून बसले होते. गाडीला वळण आलं की त्यांच्या मुठीत दोन बोटांच्या जागी जी फट होती, तिच्यातून एखादा तांदूळ माझ्या धोतरावर गळायचा. मी ते वेचून परत त्यांच्या हातात देत होतो.

हौसाक्काला मी पहिल्यांदाच पाहिलं. काटक, काळीसावळी, केस पिकलेले, बोलणं खणखणीत. दारात शेणाने सारवलेलं अंगण, त्यावर हुलगे वाळत घातलेले. आम्हाला बघून तिने हात झटकले आणि घोंगडं अंथरलं. हवालदार दाराकडे तोंड करून बसले.

"ह्ये आपलं गुरुजी," ते म्हणाले. "पत्रं लिवत्यात ती ह्यांच्याच हातची."

"तुमीच व्हय?" आक्काने माझ्याकडे डोळे भरून पाहिलं. "आवं, लय ग्वाड लिवता. आमचा गुरुजी वाचाय लागला की आळीतल्या बायका गोळा हुत्यात. मारिया काय माज्या जिभंवर बसत न्हाई. पर मैना, ते नाव कसं हाय!"

मी घोंगड्याची दशी ओढत राहिलो. जमिनीने पोटात घ्यावं असं मनात येणं म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळलं.

हवालदारांनी अक्षत पुढे केली. "आक्का, पुढच्या बुधवारी शाळंत खेळ हाय. मी करनार हाय. शिदू जिथं हाय न्हवं, तिथल्या बोलीत. तुला बोलवाय आलोय."

"मला? त्यातलं मला काय कळनार रं?"

"कळंल."

"आन् न्हाई कळलं तर?"

"तर मी पुना करीन."

आक्का हसली. तिने पदर पुढे करून अक्षत घेतली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी माजी नात बोलती ती बोली ऐकाय मिळंल व्हय? आरं मग येनारच की! दौलत, त्या बोलीत आजीला काय म्हंत्यात रं?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

"आबुएला," ते म्हणाले.

"आ-बु-ए-ला," आक्काने म्हणून पाहिलं. शेजारीण डोकावली तर तिलाही सांगितलं, "आगं, मी आबुएला हाय." आम्ही माडगं पिऊन निघालो तोवर आळीतली चार पोरं आबुएला, आबुएला करत तिच्याभोवती नाचत होती. मोटारीपर्यंत हवालदार माझ्या पुढे दहा पावलं चालत होते आणि मी त्यांना गाठायचा प्रयत्न केला नाही.

बुधवारी दुपारी चार वाजता मैदानावर मांडव गच्च भरला. बाकं जोडून रंगमंच केलेला. पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, त्यांच्या पुढे जाजम, आणि जाजमावर अगदी पहिल्या ओळीत हौसाक्का. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. विंगेत, म्हणजे एका चादरीमागे, मी तो डागाचा कागद देवनागरीत उतरवून घेऊन बसलो होतो. हेडमास्तरांनी 'आपल्या प्रशालेत प्रथमच' असं काहीतरी भाषण केलं.

हवालदार आले. फेटा, जुना लष्करी कोट, पाण्याने भरलेला एक तांब्या, आणि खांद्यावर पोतं. पोतं त्यांनी मधोमध ठेवलं आणि हुकूम सोडला, "लेवांताते!"

पहिल्या पाच मिनिटांत मांडव त्यांच्या मुठीत होता. गाणं म्हणाले तेव्हा पोरं लोळायला लागली. घोडीचं वर्णन हातवाऱ्यांनी केलं तेव्हा पाहुण्यांनी तोंडावर रुमाल धरला. आक्का तर पदर तोंडात कोंबून हसत होती आणि मागे वळून बायकांना सांगत होती, "आमच्या गावचा हाय त्यो, आमच्या गावचा!" भाकरीचा प्रसंग झाला. माशी आली. हवालदार वाकले, हाताने माशी हाकलली. पुन्हा वाकले, पुन्हा हाकलली. मी कागदावर पुढची ओळ पाहिली आणि थांबलो. इथे कोट घालायचा होता.

त्यांनी कोट काढला नाही. ते पोत्याशेजारी गुडघ्यावर बसले. पोत्याचं वरचं टोक त्यांनी उचलून मांडीवर घेतलं. डोक्यावरचा फेटा सोडला, त्याचा पदर तांब्यात बुडवला आणि पोत्यावर, जिथे तोंड असावं तिथे, थेंब थेंब पिळायला लागले. मागच्या रांगांत अजून कुणीतरी हसत होतं. ओठ हलत होते त्यांचे, पण आवाज येईनासा झाला होता. "लेवांताते," ते म्हणत होते. मी चादरीमागे दोन हातांवर असून मला जेमतेम ऐकू येत होतं. लेवांताते, लेवांताते. फेट्याच्या टोकाने त्यांनी पोत्याचं कपाळ पुसलं. पुन्हा पदर बुडवला. माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

मेलेल्या खेचराच्या तोंडात कुणी असं पाणी घालत नाही. मांडवातल्या बाकीच्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. पहिल्या ओळीतल्या एका बाईला कळलं.

आक्का उठली. पदर तोंडातून निघून खांद्यावर आला होता. ती दोन बाकं चढून वर गेली आणि हवालदारांच्या समोर उभी राहिली. थोडा वेळ ती त्या पोत्याकडे बघत होती. मग तिने वाकून हवालदारांच्या हातातला फेट्याचा ओला पदर काढून घेतला.

"दौलत," ती म्हणाली. मांडवात एवढी शांतता होती की ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. "ऊठ बाबा आता. त्यो न्हाई उठायचा."

आणि टाळ्या पडल्या. सगळा मांडव उभा राहिला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, पाहुणे "वाहवा, वाहवा" करायला लागले. हेडमास्तर चादरीमागे आले, माझा खांदा धरून हलवत म्हणाले, "अहो, म्हातारीची तालीम कधी घेतलीत? काय काम केलं तिनं! सांगलीला न्या हे, सांगलीला!" मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या टाळ्या माझ्या कानांतून अजून गेलेल्या नाहीत. नंतर कितीतरी वर्षं मी नाटकाला गेलो की टाळ्यांच्या वेळी हात मांडीखाली धरून बसत असे.

त्या टाळ्यांतून ती दोघं खाली उतरली. लोकांनी कौतुकाने वाट करून दिली. आक्का पुढे, हवालदार मागे, उघड्या डोक्याने. माझ्याजवळून जाताना आक्का त्यांना एवढंच म्हणाली, "चल, अंगावर पानी घ्याय पायजे."

हवालदार त्यानंतर शाळेत आले नाहीत. राजीनाम्याचा कागद दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आला. आक्काने त्यांच्याकडून शिदूचं सगळं करवून घेतलं, डोकं आणि मिशा उतरवून, मुलगा करतो तसं, असं मी मोटारीच्या ड्रायव्हरकडून ऐकलं. ते तिच्याकडेच राहिले, तिची दोन-तीन एकर जिरायत करू लागले. मी जाईन जाईन म्हणत गेलो नाही. त्या बाईपुढे उभं राहायला जे लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. शाळेत नवे कवायत मास्तर आले. त्यांनी एक, दोन, तीन सुरू केलं.

तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खेळाच्याच संध्याकाळी, शाळेमागच्या ओढ्यात. मी टाळ्यांतून सुटून मागोमाग गेलो होतो आणि काठावरच थांबलो. पाणी गुडघाभर. आक्का अंगावरच्या हिरव्या लुगड्यानिशी त्यात बसली होती. हवालदार तिच्या समोर बसले होते, कोटासकट, मान खाली घालून. ती मान मी कधी अशी वाकलेली पाहिली नव्हती. मांडवातून पुढच्या गाण्याची पेटी ऐकू येत होती. आक्का रडत नव्हती. ओंजळीने स्वतःच्या डोक्यावर पाणी घेत होती आणि दर ओंजळीला थांबत होती, काहीतरी विचारायचं असल्यासारखी.

शेवटी तिने विचारलं.

"किती येळ उठवत हुतास रं त्येला?"

"सकाळधरनं," हवालदार म्हणाले. "दिस मावळंपतुर, आक्का."

आक्काने एक ओंजळ भरून घेतली आणि ती त्यांच्या डोक्यावर ओतली. मग आणखी एक ओतली, आणि लहान पोराची चोळतात तशी त्यांची पाठ चोळायला लागली.